तारप्याला पाठ नाही

साउंडवाल्याला लोक दोनच वेळा हाक मारतात. आवाज वाढव म्हणायला आणि आवाज कमी कर म्हणायला. बाकीचा वेळ आपण मांडवाच्या खांबासारखे उभे. आवाज छान लागला तर गाणाऱ्याचं कौतुक, माइकनं शिट्टी मारली तर सगळ्या माना आपल्याकडे. जव्हारच्या बाजारपेठेत मी अख्खी हयात हा धंदा केला. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. मी कर्णे भाड्यानं द्यायला लागलो, मग बॉक्स आले, मग मिक्सर. दुकानाच्या पाटीवर माझं पूर्ण नाव आहे, पण जव्हार-मोखाड्यात मला सगळे मुश्ताक साउंडवाला म्हणतात. बायको रागावली की तीसुद्धा.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार भेटतात. एकाच्या मुलीच्या लग्नात मी बॉक्स लावत होतो. बापानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "त्या दोन बॉक्सांचा तोंड माझ्या भावाच्या घराकडं करा. बोलावला नाय त्याला, पण ऐकू तं जाऊ दे." मी तोंड फिरवून दिलं. जेवणाच्या पंगतीला भाऊ हजर. ऐकून ऐकून वैतागला आणि आला, असं तो स्वतःच सांगत होता. दोघं शेजारी बसून जेवले. अशा वेळी आपल्या कामाचं चीज झालं असं वाटतं, पण त्याचे पैसे वेगळे लावता येत नाहीत.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावून सांगायचा तर एवढंच सांगेन, की माइक आणि बॉक्स यांना एकमेकांचं तोंड बघू द्यायचं नाही. बॉक्समधला आवाज माइकमध्ये शिरला की तोच फुगून बॉक्समधून बाहेर येतो, परत माइकमध्ये शिरतो आणि अशी काही किंकाळी फुटते की पोरं रडायला लागतात. तीच ती शिट्टी. कोण कुठे उभा राहील, कुणाचं तोंड कुठे असेल, हे आधी ठरवायचं आणि मग वायरी ओढायच्या. माणसांची तोंडं आणि पाठी सांभाळण्याचा हा धंदा आहे, हे मी कायम म्हणत आलो. त्यातलं अर्धंच मला कळलं होतं, हे मला लहानू आणि जयवंतीमुळे समजलं.

ही दोघं भावंडं सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. लहानू भिवंडीला गोदामात माल चढवायला जायचा. जयवंती आश्रमशाळेत शिकली आणि पुढे मिळेल त्या कामावर जायची. तिची ख्याती वेगळीच होती. उन्हाळ्यात विहिरीवर हंड्यांच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की ही त्या बाईला अशी यमकं जुळवून, अशी झरझर सुनावायची, की जिला सुनावलं तीसुद्धा हसत मागे सरायची. भांडण ऐकायला लोक थांबायचे.

लहानू एकदा सुट्टीवर आला तो थेट दुकानात. हातात जुना लॅपटॉप, कानातला वायरीचा गुंता माझ्यापुढे धरून म्हणाला, "चाचा, सुनो. हा लंडनचा हाय. ग्राइम बोलतात याला."

मी ऐकलं. पहिल्यांदा वाटलं वायर ढिली आहे. ढुप, मग काहीच नाही, मग दोनदा ढुपढुप, आणि त्यावर एक पोरगा एका दमात इतकं बोलतोय की मध्ये श्वास कुठे घेतो तेच कळेना.

"हे गाणं आहे का तक्रार?" मी विचारलं.

"दोनो," लहानू म्हणाला.

मग त्यानं मला त्याची कथा सांगितली. गोदामातल्या एका दोस्तानं त्याला ती सांगितली होती, आणि पुढे मी इकडून तिकडून खात्री करून घेतली. लंडनच्या पूर्वेला सरकारनं बांधलेल्या उंच इमारती आहेत. तिथं गरिबांची पोरं, बरीचशी परमुलखातून आलेल्यांची. त्यांना कुणी रेडिओवर घेईना. मग त्यांनी इमारतींच्या गच्च्यांवर चोरून एरियल उभे केले आणि आपलं स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवलं. सरकारी माणसं एरियल काढून न्यायची, ही पोरं दुसऱ्या गच्चीवर लावायची. घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर संगीत करायचं, कधी तर खेळायच्या मशीनवर, आणि आपल्या गल्लीच्या बोलीत आपलंच जगणं सांगायचं. त्यांचे कार्यक्रम पोलीस बंद पाडायचे. नाक मुरडणाऱ्यांची कमी नव्हती. आणि काही वर्षांनी हीच पोरं त्या देशातल्या सगळ्यांत मोठ्या महोत्सवात, सगळ्यांत मोठ्या स्टेजवर, मानाच्या जागी उभी राहिली. ज्यांनी नाक मुरडलं त्यांनी नंतर बक्षिसं दिली.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी रेडिओवाल्याचा मुलगा. चोरून एरियल लावणारी पोरं मला एकदम घरचीच वाटायला लागली.

लहानूचं डोकं मात्र भलतीकडेच धावत होतं. ग्राइमचा ठेका मिनिटाला एकशे चाळीस. त्यानं तो लॅपटॉपवर लावला आणि वर मोबाइलमध्ये टिपलेला त्याच्या मामाचा तारपा सोडला. ज्यांनी तारपा ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचं पोट, त्यात बांबूच्या नळ्या आणि खाली ताडाच्या पानांचा लांब भोंगा. वाजवणारा मध्ये श्वास तोडत नाही, त्यामुळे सूर अखंड घुमत राहतो. पीक हाती आलं की पाड्यापाड्यावर तो वाजतो आणि लोक त्याच्याभोवती कमरेला हात घालून नाचतात. लंडनचा ठेका आणि सूर्यमाळचा तारपा एकमेकांत असे बसले, की जणू एकाच घरात वाढले असावेत. लहानू माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणालो, "बहिणीला घेऊन ये."

भात कापून झाल्यावर रेकॉर्डिंग केलं. देवजीमामा, म्हणजे यांच्या आईचा भाऊ, आपला तारपा कापडात गुंडाळून घेऊन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत मी घरच्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या होत्या. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हात जोडून काम थांबवायला लावलं होतं. शहरात करतात तसं जयवंतीला पुढे उभं केलं, माइक तिच्यासमोर, आणि मामाला तिच्या मागे कोपऱ्यात.

पोरगी माइकवर टिकेचना. दोन ओळी बरोबर आणि तिसरीला तोंड वळलं. आवाज गेला. मी माइक बदलला. मग वायर बदलली. मग स्टँड तिच्या उंचीला लावला, सुतळीनं बांधला, फरशीवर खडूनं पावलं काढून दिली. "पोरी, इथून हलायचं नाही," म्हणून दम दिला. ती मान हलवायची आणि परत हळूच तिरकी व्हायची. माझा पारा चढायला लागला. माइकचं तंत्र यावर मी तिला व्याख्यान सुरू केलं.

तेव्हा देवजीमामानं तारपा तोंडातून काढला. "मुस्ताकभाय, पोरीला कशाला बोलतंस? तारपा वाजतोय नं. ती माझ्याकडं पाठ करून कशी उभी राहंल?"

"का?"

"तारप्याला पाठ नाय दाखवत."

एवढंच. त्यांच्यात ती रीतच आहे. तारपा वाजत असताना नाचणारे त्याच्याकडे तोंड ठेवून फिरतात. तो वळला की सगळे वळतात. ही गोष्ट जयवंतीला कुणी शिकवलेली नव्हती, तिच्या अंगातच मुरलेली होती, म्हणून तिला सांगताही येईना. आणि मी? किती तारपे माझ्या डोळ्यांसमोर वाजले असतील, आणि मला वाटायचं गोल नाचायचं म्हणून गोल नाचतात. मी मामाला उचलून पुढे आणलं, जयवंतीच्या समोरासमोर. पुढच्याच खेपेला गाणं उतरलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

टँकर आला, टँकर गेला, धूळ आमच्या वाट्याला,
हंड्यावर हंडा, हंड्यावर हंडा, उन्हाचा डोंगर माथ्याला!

पुढे ती जे सुटायची ते कागदावर लिहून दाखवता येणार नाही. ते ऐकायचंच.

आता ऐकवायचं कुणाला? आमच्या पाड्यांवर कूड आणि कौलं. एरियल लावायला गच्ची कुठून आणायची? पण आमच्याकडे जीप होत्या. जव्हार ते मोखाडा, जव्हार ते दाभोसा, माणसं कोंबून धावणाऱ्या जीप. प्रत्येक जीपमध्ये एक पेनड्राइव्ह आणि ड्रायव्हरची आवड म्हणजे प्रवाशांची सक्ती. लहानूनं जीपच्या अड्ड्यावर जाऊन ड्रायव्हरांना गाणं भरून दिलं. एक जण म्हणाला, "आपल्या भाषेतला गाणा कोण ऐकंल रं? लोक उतरून जातील." कुणी उतरलं नाही. उलट उतरायच्या जागी आल्यावर लोक म्हणायला लागले, एवढं संपू दे, मग उतरतो. लंडनवाल्यांच्या गच्च्या, आमच्या जीप. आमचं स्टेशन तर डोंगर चढून जायचं.

कसोटी लागली ती दाभोशाच्या एका हळदीत. नवऱ्या मुलाच्या बापानं मला आधीच बजावलं होतं, "फक्त हिंदी पाहिजे. पाहुणे वाडा गावातून येतात, आपली अब्रू राहिली पाहिजे." मी हिंदी लावलं. पाहुणे खुर्च्यांवर, पाड्यावरची माणसं मांडवाबाहेर उभी. नाचतंय कोण तर दोन पोरं आणि एक कुत्रं. लहानू माझ्या कानाशी लागला, "चाचा, एकदा." मी नाही नाही म्हणत होतो आणि माझाच हात बटणावर गेला.

तारपा घुमला. मांडवाबाहेरची माणसं आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले आणि नाचाची माळ धरली. मग जयवंतीचा आवाज आला. ज्या बायकांनी जन्मभर हंडे वाहिले त्या "हंड्यावर हंडा"ला अशा काही उसळल्या की मांडवाची कनात हलली. वाड्याचे पाहुणे खुर्च्या सोडून उठले. नवऱ्या मुलाचा बाप तरातरा माझ्याकडे आला. मी मनातल्या मनात माफी जुळवायला लागलो. तो म्हणाला, "मुश्ताकभाय, हा कुणाचा गाणा हाय?"

"तुमचंच आहे," मी म्हणालो. "सूर्यमाळचं."

"मग वाढवा नं आवाज!"

त्यानंतर गाणं माझ्या हातात राहिलं नाही. ते मोबाइलवर गेलं, कुणीतरी व्हिडिओ केला, तो कुठून कुठे फिरला. जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला येणारी शहरातली पोरं ते आपल्या गाड्यांत लावायला लागली. आणि मुंबईच्या एका मोठ्या संगीत महोत्सवाचं बोलावणं आलं. ते ज्या पत्त्यावरून आलं तो पत्ता जयवंतीनं आधी मला दाखवला आणि विचारलं, "चाचा, खरा हाय ना हा?" खरा होता.

महोत्सवाकडून फोनवर बोलणाऱ्यानं आधी हिंदीत गाल का म्हणून विचारलं. जयवंती म्हणाली, "टँकर हिंदीत येतो काय आमच्याकडं?" तो विषय संपला.

आम्ही सगळे गेलो. सुगी उरकलेली होती, त्यामुळे पाड्यावरचीही बरीच मंडळी आली. तिथलं मैदान बघून माझी छाती दडपली. स्टेज म्हणजे चार मजली चाळ. बॉक्सच्या भिंती दोन्ही बाजूंना. देवजीमामानं वर बघून विचारलं, "यात माणसा राहतात काय?"

गळ्यात ओळखपत्र आणि हातात वॉकीटॉकी घेतलेला एक तरुण आला. बोलायला अगदी नम्र. त्यानं आराखडा सांगितला. जयवंती पुढे, लहानू बाजूला, मामा मागे उंच चौथऱ्यावर. "तारपा आपण रेकॉर्डिंगचाच चालवू. आजोबांनी फक्त हातात धरायचा. पाठीमागे पडद्यावर फार सुंदर दिसतील."

त्याच्या बाजूनं तो बरोबरच होता. वेळ थोडा, वाद्य नाजूक, वारा सुटलेला. पण जयवंतीचा चेहरा उतरला.

"मामा वाजवणार," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर वाजवणार. पाठीमागं नाय."

"स्टेजवर ते जमत नाही हो. पुढे उभे राहिले तर प्रेक्षकांकडे त्यांची पाठ होईल."

"मग मी स्टेजवर नाय गात."

तो बिचारा घाबरला. लहानू बहिणीकडे बघायला लागला. गोदामातलं काम सोडून आला होता तो, सगळं या एका दिवसावर लावलेलं. मी तिला बाजूला घेतलं. खरं सांगतो, मी तिला समजवायलाच गेलो होतो. एवढी मोठी संधी, एक दिवस मागे राहिला तारपा तर काय बिघडलं, असं म्हणणार होतो.

तिनं मला बोलूच दिलं नाही. "चाचा, हा गाणा तारप्यापासून निघाला. त्यालाच पाठ केली तं मी तिथं कुणाचा गाणा गाऊ?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला तिथंच थांबायला सांगितलं आणि मैदानाच्या मध्याकडे निघालो.

मैदानाच्या मधोमध, लोकांच्या गर्दीत, आमच्या धंद्यातल्या माणसाची जागा असते. कठड्याच्या आत मिक्सरचं टेबल, आणि त्यावर तिथल्या आवाजाचा धनी. त्या दिवशी तिथं सोनल नावाची मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ओठ चावले, स्टेजकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं.

"चाचा, मग इथंच या ना. माझ्या टेबलाभोवती. सगळ्यांच्या मध्ये."

"शिट्टी मारेल की! समोरच बॉक्स आहेत."

"मारेलच. तुम्ही तारप्याची शिट्टी बंद ठेवता कशी?"

मग मी तिला माझी करामत दाखवली. लग्नाच्या वरातीत तारपेवाल्याला चालता चालता वाजवता यावं म्हणून मी शर्टाला लावायचा छोटा माइक ताडपानाच्या भोंग्यात आतून दोऱ्यानं शिवला होता. भोंग्याचं तोंड जमिनीकडे राहिलं तर बाहेरचा आवाज आत शिरत नाही. सोनलनं भोंग्यात डोकावून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. वॉकीटॉकीवाल्याला ती म्हणाली, "जबाबदारी माझी." धंद्यात इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी माझ्यासाठी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं होतं. कठड्याच्या बाहेर थोडी जागा मोकळी करून घेतली. नाव पुकारलं गेलं तेव्हा सगळं मैदान स्टेजकडे बघत होतं. स्टेज रिकामं. कुजबुज सुरू झाली. मामानं तारपा ओठांना लावला आणि पहिल्याच सुराला अशी शिट्टी फुटली की कबुतरं उडाली. हजारो माना माझ्याकडे. सवयीचंच होतं म्हणा, पण इतक्या माना एकदम कधी नव्हत्या.

मी ओरडलो, "मामा, भोंगा खाली!" सोनलनं एक खुंटी फिरवली. शिट्टी गेली आणि तिच्या जागी तारपा उभा राहिला, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लहानूचा ठेका खालून आला. जयवंती मामासमोर उभी होती, आणि ती सुटली.

आमच्या पाड्यावरच्या बायकांनी कमरेला हात घालून माळ धरली. मुंबईत बांधकामावर राबणारी आमची मोखाड्याची कितीतरी माणसं कामावरून तशीच आली होती, सिमेंटच्या कपड्यांत. ती गर्दीतून वाट काढत आली आणि माळेला जुळली. शहरातली पोरंपोरी आधी बघत राहिली, मग कुणीतरी त्यांचा हात धरून ओढलं. मामा चालायला लागला, टेबलाभोवती गोल. तो वळेल तसे सगळे वळत गेले. बघता बघता स्टेजपुढच्या सगळ्या गर्दीची पाठ स्टेजकडे झाली. ती चार मजली चाळ दिवे लावून रिकामी उभी होती आणि तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं. "हंड्यावर हंडा" आलं तेव्हा अर्ध्या लोकांना भाषा कळत नव्हती, तरी सगळे म्हणत होते.

आणि मी? मी सोनलशेजारी तारप्याची लेव्हल सांभाळत, सवयीनं मशीनकडे तोंड करून होतो. गाणारे माझ्या मागून जात होते. साउंडवाल्याची जागाच तशी. मामा माझ्या पाठीशी आला, तारपा अगदी मानेपाशी घुमला, आणि माझे हात आपोआप खाली आले. मी वळलो.

"चाचा, लेव्हल!" सोनल ओरडली.

"तू बघ गं पोरी," मी म्हणालो. "मी तारप्याकडे बघतोय."

ती हसली. मग मामा पुढे सरकला तशी तीसुद्धा हात खुंट्यांवर ठेवून टेबलाभोवती त्याच्याबरोबर सरकत राहिली. आवाज एकदाही बिघडला नाही.

एक खंत आहे, ती सांगून टाकतो. किती तारपेवाले माझ्या माइकसमोर वाजवून गेले आणि मी त्यांतल्या एकाचाही सूर जपून ठेवला नाही. त्यांच्यातले बरेच आता नाहीत. लहानू आता पाड्यापाड्यावर जाऊन उरलेल्यांचे सूर टिपतो, आणि मी त्याची मशीन उचलून त्याच्या मागे चालतो. जयवंती मोठमोठ्या शहरांत गाते. दाभोशाच्या लग्नांत आता कुणी मला फक्त हिंदी लाव म्हणत नाही.

पण मला कुणी विचारलं की सगळ्यांत मोठा मान कुठे मिळाला, तर मी मुंबईचं मैदान सांगत नाही. मी परतीची जीप सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाट चढत होतो. मला वडीलधारा म्हणून ड्रायव्हरशेजारची जागा दिली होती, मामा आणि पोरं मागे. जव्हार जवळ आलं तशी रस्त्याच्या कडेला माणसं दिसायला लागली. पाड्यापाड्यावरून आली होती, उभी राहून हात हलवत होती. मागे देवजीमामानं तारप्याचं कापड सोडलं आणि वाजवायला सुरुवात केली.

मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं.

"काय झाला चाचा? पुढं नीट बसलात ना?"

मी उतरलो, मागे गेलो आणि सगळ्यांना सरकवत मामाच्या समोरच्या बाकड्यावर स्वतःला कोंबलं. गुडघा जयवंतीच्या पिशवीत, डोकं टपाला. जयवंतीनं पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली. मामानं वाजवता वाजवता डोळे बारीक करून मान डोलावली.

"आणि मी?" ड्रायव्हर पुढून ओरडला. "माझी तं पाठच हाय तिकडं!"

मामानं क्षणभर तारपा ओठांवरून काढला. "तुला माफ हाय," तो म्हणाला. "तू रस्त्याकडं बघ."